सात फरश्या

फरशी बसवून झाली की रहीमभाई डोळे मिटून तिच्यावरून अनवाणी चालत. कुठे केसभर उंचवटा असला तरी तळपायाला कळे. मग तेवढी फरशी ते पुन्हा उचलत. जानेफळमध्ये त्यांच्यासारखा कारागीर नव्हता.

आमच्या पुढच्या खोलीत समभुज चौकोनाच्या आकाराची फरशी घालायची, असं मी ठरवलं. प्रत्येक बाजू दहा इंच. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हिशेबही मीच केला. दहा गुणिले दहा, एका फरशीचे शंभर चौरस इंच. खोली दहा फूट बाय बारा; म्हणजे एकशे त्र्याहत्तर फरश्या.

रहीमभाईंनी फरशीवर टेप आडवा धरला, मग उभा. "मॅडम, हे चौरस नाही, दोन बाजूनं दबेल हाय. आडवं बारा, उभं सोळा. गुणाकार करा अन् अर्धं घ्या. शहाण्णव येते. एकशे ऐंशी लागतीन."

हेच सूत्र मी दरवर्षी आठवीला शिकवत होते. पण सासरे समोर बसले होते. मी म्हणाले, "तुम्ही बसवायचं बघा, रहीमभाई. हिशेब माझ्यावर सोडा."

"हाव," एवढंच ते म्हणाले.

शेवटच्या कोपऱ्यात सात फरश्या कमी पडल्या. दुकानातला तो माल संपला होता. सासऱ्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी मान खाली घातली. रहीमभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "कापताना फुटल्या माह्या हातानं."

आमचे हेडसर घर बघायला आले होते. त्यांनीही ते ऐकलं. पुढे स्वतःच्या घराचं काम त्यांनी मेहकरच्या माणसाला दिलं. मग गावात लोक बोलू लागले, रहीमभाईंचा हात आता थरथरतो. कामं तुटत गेली. ते जालन्याकडे दगड कापायच्या कामाला गेले आणि दोन वर्षांनी छातीत धूळ घेऊन परतले. रस्त्यात भेटले की खोकता खोकता माझ्या वर्गातल्या पोरांची चौकशी करत. खरं काय ते सांगायचं मी दर वेळी ठरवी आणि घरी येई.

रहीमभाई वारल्यावर मी त्यांच्या बायकोकडे, सायराभाभींकडे गेले. म्हणाले, "भाभी, त्या फरश्या फुटल्या नव्हत्या. हिशेब माझा चुकला होता."

"मले माहीत हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं. मी भांडली, काऊन सोतावर घेतलं म्हणून. तर म्हणे, पोरं मॅडमचं ऐकतात, सगळ्याईसमोर त्यायची मान खाली नाही गेली पाह्यजे."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"दोन-चार दिवसांत मॅडम सोताच सांगतीन, म्हणत. लय दिवस वाट पाहून राह्यले होते. मंग कधी बोलले नाही त्या गोष्टीवर."