ओल्या रंगावर कुंकू

गाडीचे छोटे पार्ट घरी रंगवणाऱ्यांनो, खंडेनवमीला हे काम काढू नका. मी आज काढलं.

आईची गाडी उद्या दसऱ्याला वाघोलीचं एक जोडपं घेऊन जाणार आहे. आई शाळेत शिकवायची तेव्हापासून हीच गाडी चालवायची. आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत. गाडी ठणठणीत आहे, पण वायपरच्या दांड्यांचा रंग उडून गंज दिसत होता. म्हटलं, द्यायचीच तर नीट द्यावी.

सकाळी दांड्या काढल्या, पॉलिश पेपरने घासल्या आणि प्रायमर मारला. तो वाळल्यावर काळा स्प्रे मारून बाल्कनीत कपड्यांच्या दोरीला टांगल्या. आईला बजावलं, "रंग ओला आहे, संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस."

दुपारची झोप काढून बघतो तर दोन्ही दांड्यांवर हळद-कुंकवाची बोटं! मिक्सर, शिलाई मशीन, माझा लॅपटॉप, सगळ्यांची पूजा उरकली होती. त्यात ह्यांचीही.

मी वैतागलो. "अगं, सांगितलं होतं ना ओला आहे म्हणून? आता ते रंगातच बसलं. पुसलं तरी निघणार नाही."

"माहितीये," आई म्हणाली. "बॉनेटवरचं पहिल्या धुण्यात जातं. हे राहील."

पॉलिश पेपर हातात घेतला होता, तो परत डब्यात ठेवला. दांड्या तशाच बसवल्या आहेत.

उद्या त्या जोडप्याने विचारलं तर काय सांगू, सुचवा. फक्त 'पुन्हा घासून रंगव' हे सुचवू नका.