मोज्यातली कुसळं

आई गेली आणि बाबांचं कशातच लक्ष राहिलं नाही. एरवी हा माणूस कोथिंबीर घेतानाही भाजीवाल्याची उलटतपासणी घ्यायचा. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात उभा जन्म पुर्जे तपासण्यात गेलेला. आता वाढलं की जेवायचे, टीव्ही लावला की बघायचे. मी त्यांना नागपूरला न्यायला आले होते. ते हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

दिवाळी नुकतीच झाली होती. मी त्यांना बळेच घराजवळच्या माळावर फिरायला नेलं. तिथलं कुसळी गवत कंबरेपर्यंत वाढून वाळलेलं. दर उन्हाळ्यात ते कोणीतरी जाळतं, आणि त्याच बुंध्यांतून ते पुन्हा वर येतं. घरी आलो तर मोजे कुसळांनी भरलेले. एकेक उपटत कोण बसणार? भिजली की मऊ होऊन सुटतील, अशी अक्कल लढवून मी मोजे बादलीत टाकले.

थोड्या वेळानं पाहते तर कुसळं विणीतून आरपार घुसलेली. मी वैतागून मोजा आपटला. बाबा उठून आले, मोजा उचलून बघत राहिले, मग कपाटातून जुनं भिंग काढलं. पँटला चिकटलेलं एक कोरडं कुसळ त्यांनी बशीत ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला.

"बेटा, इकडे ये. हे फिरून राहिलं."

खरंच, पिळलेली शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरत होती.

"टोकाला उलटे केस आहेत, बघ. आत जाते, मागे येत नाही. पाणी मिळालं का आपणच मातीत शिरत असेल."

आईच्या रिकाम्या कुंडीत त्यांनी मूठभर कुसळं पेरली. "हे उगवल्याशिवाय मी येत नाही," म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते उगाच नाही. मला रागही आला आणि रडूही. मी एकटीच परतले.

कधी स्वतःहून फोन न करणारे बाबा आता सकाळीच करतात.

"अजून उगवून नाही राहिलं. काहून असेल?"

मला कुठलं माहीत? उगवलं की ते माझ्याकडे येणार, हे ठरलेलं आहे. तरी फोन ठेवताना वाटतं, त्यानं इतक्यात उगवू नये.