मनकर्णाच्या नावाचं कडवं

पेडगावात कासाबाईशिवाय लग्न लागत असे, पण लागल्यासारखं वाटत नसे. पदर कमरेला खोचून ती मांडवात उभी राहिली, की वरपक्षाच्या बायका आधीच तोंडाला पदर लावून बसत. कासाबाईच्या तावडीतून इहीण, म्हणजे वराची आई, सुटायची नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. इहीण आळशी, इहीण खादाड, इहीण रात्रीची कुठं जाते देव जाणे, असं एकेक कडवं चढत जाई. पोट धरून हसून झालं की शेवटच्या कडव्यात नवरीचं नाव घेऊन तिला माहेरी बोलावणं होई, आणि तिथं त्याच बायका डोळे पुसत. कासाबाईला अक्षरओळख नव्हती. जात्याच्या खुंट्याला हात लावला की गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत आपसूक बाहेर पडे. मधूनच सुरू कर म्हटलं तर मात्र तिला काही केल्या जमत नसे.

स्वतःच्या लेकीच्या लग्नातही ती तेच गायली. मनकर्णा तिची एकुलती एक लेक, येलदरीला दिलेली. इहीण तानुबाई, तरुणपणीच रंडकी झालेली, एकटीनं शेत सांभाळून पोरगा वाढवलेली करारी बाई. गाता गाता चौथं कडवं आलं:

इहीण गेली मेंढवाड्याला घोंगडी घ्यायला बाई,
कोंबडा आरवता परत आली, हाती घोंगडी न्हाई.

मांडव हसला. येलदरीची माणसं जरा जास्तच हसली. आता कासाबाईला काय ठाऊक, की तानुबाईच्या माघारी त्या गावात एका मेंढक्याचं नाव घेऊन वीस वर्षं कुजबुज चालली होती! हे कडवं तिनं शंभर लग्नांत म्हटलेलं. तानुबाई ताटावरून उठली आणि पाणीही न पिता गाडीत जाऊन बसली.

त्या दिवसापासून मनकर्णाला माहेर बंद झालं. ना पंचमीला धाडली, ना दिवाळीला. तीन वर्षं गेली. मग सांगावा आला की पोरीला दिवस गेलेत, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही जगाची रीत. कासाबाईचा नवरा लिंबाजी दोनदा गाडी जुंपून गेला आणि दोनदा रिकामी गाडी घेऊन आला.

"मांडवात माझी अब्रू काढनारीच्या घरी माझी सून बाळंत व्हनार न्हाई," तानुबाई त्याला दारातूनच म्हणाली. "पुन्यांदा बैलं शिणवू नका."

कासाबाई स्वतः पाय धरायला गेली, तर दारच उघडलं नाही. आतून बांगड्या वाजल्या तेवढ्या. त्या मनकर्णाच्याच होत्या असं ती परत येताना लिंबाजीला चारदा म्हणाली.

लढाईचं साल होतं. लढाईच्या बातम्या रयतेला कळाव्यात म्हणून सरकारनं मोठ्या गावांच्या चावड्यांत रेडिओ बसवले होते, त्यातला एक येलदरीलाही होता. रेडिओवर खेड्यातली लग्नाची गाणी लावायची ठरली आणि पेडगावच्या शाळेतल्या बन्सीधर मास्तरांनी कासाबाईचं नाव कळवलं. ती आधी हसली. मग पदर सावरून पुढं आली.

"मास्तर, तिथं गायलं तर येलदरीला ऐकू येतंय का?"

"येतं की."

"आमच्या मनकर्णाला?"

"चावडीच्या भिंतीमागं उभी राहिली तर तिलाही येईल."

"मंग म्या येते," कासाबाई म्हणाली.

साऱ्या गावासमोर आई लेकीचं नाव घेऊन पदर पसरतेय म्हटल्यावर चार मोठी माणसं तानुबाईला दोन शब्द सांगतीलच, असा तिचा हिशोब. गावोगाव बांगड्या भरत फिरणाऱ्या कमलबाई कासारणीकडून तिनं लेकीला निरोपही धाडला, की अमुक दिवशी सांजेला ऐक, शेवटाला तुझं नाव घेणार हाय.

गाणं आधी रेडिओच्या कचेरीत लिहून पाठवावं लागे. मास्तरांनी पाठवलं. कागद परत आला तो चौथ्या कडव्यावर तांबड्या शाईची फुली घेऊन. हे चावट आहे, म्हणता येणार नाही, बाकीचं मंजूर. मास्तरांना वाटलं बाई चिडेल.

"लय बरं झालं माय," कासाबाई म्हणाली. "म्या तरी कुठं म्हननार होते ते? त्यानंच तर माझं वाटोळं केलं."

बोलायला सोपं होतं. तिसरं कडवं संपलं की चौथं दारात उभंच! मास्तरांनी डोक्याला हात लावला. शेवटचं कडवं सुटं म्हणून बघा म्हणाले, तर शब्द आले पण चाल येईना. अखेर एक तोड निघाली. तिसरं कडवं संपत आलं की मास्तर तिच्या मनगटावर बोट टेकवायचे; तेवढ्यानं ती थबकायची आणि थेट शेवटावर जायची. पेडगावच्या ठेसनावर गाडीत बसल्यापासून शहर येईपर्यंत त्यांनी हेच केलं. डब्यातल्या लोकांना वाटलं, म्हातारीची नाडी बघायलेत.

रेडिओच्या इमारतीत मास्तरांना आत सोडलं नाही. गाणाऱ्यानंच आत जायचं, असा तिथला कायदा. मास्तरांनी हात जोडून सांगितलं, की मी नुसता शेजारी बसतो. तिथले साहेब मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, ही काय शाळा आहे का?

खोलीला खिडकी नव्हती, भिंतींना जाड कापड लावलेलं होतं. समोर दांड्यावर लोखंडी डबी. "तांबडा दिवा लागला की सुरू करायचं, विझला की गप्प," एवढं सांगून साहेब काचेपलीकडं जाऊन बसले. कासाबाईनं उजव्या हाताचं बोट स्वतःच डाव्या मनगटावर धरून ठेवलं. दिवा लागला. तिनं सवयीनं डोळे मिटले.

पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. तिला येलदरीची चावडी दिसायला लागली, भिंतीमागं पोटुशी मनकर्णा. हात आपोआप जात्यासारखा फिरायला लागला आणि मनगटावरचं बोट कधी सुटलं तिला कळलंही नाही. मेंढवाडा आला, घोंगडी आली. कोंबडा आरवला तेव्हा ती भानावर आली. पण आता थांबायचं कसं? घाईघाईनं तिनं शेवटचं कडवं धरलं, जीव ओतून धरलं:

जुंपा गाडीला लालकंधारी, वाट बघायली आई,
मनकर्णा माझी धाडा माहेरा, दुसरं मागणं न्हाई.

एकदा म्हणायचं ते तिनं तीनदा म्हटलं. डोळे उघडले तर दिवा विझलेला होता. वेळेत झालं म्हणायचं, असं तिला वाटलं.

मास्तर बाहेरच्या ओसरीत रेडिओपाशी उभे होते. त्यांनी चौथं कडवं पुरतं ऐकलं, मग खट्‌ असा आवाज ऐकला आणि त्यानंतर सनई. साहेबांना मराठी समजायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात नको ते निघून गेलं होतं आणि हवं ते आत राहिलं होतं.

"मास्तर, जीभ घसरली हो," बाहेर येताच कासाबाई म्हणाली. "तानुबाई चिडंल. पण नाव घेतलं म्या. तीनदा घेतलं. आता गाव काय गप बसनार न्हाई."

मास्तर शिकलेला माणूस. गावात कुणाचीही खोड काढायला न भिणारा. पण त्या बाईला खरं सांगायची छाती त्यांना झाली नाही. पेडगाव येईपर्यंत ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले.

कासाबाईनं घर सारवलं. बाजेला नवं सुंभ विणून घेतलं, डिंक-खोबरं आणलं, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. येलदरीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ती वेशीपर्यंत जाई. नऊ दिवसांनी कमलबाई कासारीण आली. टोपली खाली ठेवली आणि पाणी मागितलं.

"भेटली का मनकर्णा?"

"भेटली. बांगड्या भरू देईना. नुसता हात हातात देऊन बसली."

"ऐकलं का तिनं?"

"ऐकलं तर. चावडीमागं उभी होती. त्या घोंगडीवर सारा गाव फिदीफिदी हसला. तानुबाईनं तवापासून तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं न्हाई." कमलबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "कासाबाई, पोरगी एकच इचारायली. समद्या गावाच्या पोरींची नावं घेती माझी माय, मंग माझंच का घेतलं न्हाई?"

"घेतलं की!" कासाबाई ओरडली. "तीनदा घेतलं म्या! मास्तरला इचारा!"

ती तशीच शाळेत धावली. मास्तर फळ्यापाशी उभे होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मग तिला काही विचारावं लागलं नाही.

मनकर्णा येलदरीलाच बाळंत झाली, मुलगी झाली. कासाबाईनं निरोपावर निरोप धाडले, की मी नाव घेतलं होतं, रेडिओवाल्यांनी खुंटी पिरगळून मधीच बंद केलं. पण रेडिओची खुंटी म्हणजे काय ते कमलबाईलाच नीट सांगता येईना, तर मनकर्णाला काय पटणार? पोरीकडून उलट सांगावा कधी आला नाही.

कासाबाईला पुढंही लग्नांची बोलावणी आली. तिनं एकच बदल केला. मांडवात उभी राहिली की ती शेवटचं कडवं आधी म्हणायची, जे सुटं कधी जमलं नव्हतं ते. आणि कोणाच्याही लेकीचं लग्न असो, त्यात नाव मनकर्णाचंच यायचं. बायका चिडायच्या. "अगं, आमच्या पोरीचं नाव घे की!" ती ऐकून घ्यायची.

"घेते माय," म्हणायची. "पण आधी हिचं घेऊ द्या. मधीच कुनी बंद केलं तर?"