वळवणच्या तलावावर डाव्या हाताची खेच

लोणावळ्याला खुशाल जा, पण वळवणच्या मासेमारी क्लबात कुणी कागद-टाक पुढे केला तर हात खिशातच ठेवा. मी ठेवला नाही, त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

मामेभावाने फेकीची शर्यत बघायला बोलावलं, म्हणून सकाळच्या पॅसेंजरने तिसऱ्या वर्गातून निघालो. लोणावळ्याला खायला गूळदाणी घेतली. स्टेशनापासून तलाव अर्ध्या तासाची चाल. घाटावरचा वारा असा, की टोपी धरूनच चालावं लागतं.

शर्यत सर्वांना खुली होती. गळाच्या काठीने दोरी आणि टोकाची पिसांची खोटी माशी जो सर्वांत लांब फेकेल, त्याला वर्षभर तलावात मासे धरायचा परवाना. सभासदांच्या माश्या वाऱ्याने त्यांच्याच टोप्यांवर परत आणून टाकल्या. मग रहीमभाई उभे राहिले. ते क्लबाच्या होड्यांना डांबर लावतात. त्यांची जमीन याच पाण्याखाली गेली, आणि तरी त्यातला मासा धरायची त्यांना मुभा नव्हती. काठी मागे नेताना त्यांनी डाव्या हाताने दोरी खेचली, हात वर सैल सोडला, पुढे फेकताना पुन्हा खेचली. दोरी वाऱ्याला न जुमानता सगळ्यांच्या पुढे जाऊन पडली.

सेक्रेटरी म्हणजे मुंबईचे एक बॅरिस्टर. ते लालबुंद झाले.

"काठीने फेकायचं, हाताने नाही! नियम लिहून काढा."

माझं अक्षर बरं, म्हणून टाक माझ्या हाती आला. मी लिहिलं : 'काठी फिरत असतानाच दुसऱ्या हाताने दोरी झटक्याने ओढणे म्हणजे खेच. तिने दोरीला वेग येतो.'

"पुढे लिहा, 'ही लबाडी होय.'"

आणि मी मुकाट्याने लिहिलं! परवाना मिळाला बॅरिस्टरांच्या मेव्हण्याला.

कागद फळ्यावर लागला, तेव्हा रहीमभाई जवळ आले. "वाचून दावा की, भाऊ."

मी वाचलं.

"बराबर लिवलंय. वारा समोर आसला की आमी आसंच करतो. पर लबाडी कोन म्हनलं?"

"सेक्रेटरी."

"अक्षर तर तुमचं हाय न्हवं?"

मी टोपी धरली आणि स्टेशनाकडे निघालो.

घरी येऊन वेताच्या काठीला सुतळी बांधली आणि अंगणात फेकून पाहिली. नुसती फेकली तर विहिरीपर्यंत जाते, खेचून फेकली तर कुंपणापलीकडे. यात लबाडी कुठे आहे, ते अजून सापडलेलं नाही. शेवटचं वाक्य खोडा, असं क्लबाला दोनदा कळवलं. काल सेक्रेटरींचं उत्तर आलं : नियम फळ्यावर कायम आहे, आणि सभासद तुमच्या अक्षराचं फार कौतुक करतात.