राजकन्येचं मराठी

आज दुकानात सोनेरी रंगाचा वास आला आणि परदेशातल्या या व्हिटबी गावातला आमचा पहिला हिवाळा आठवला. नागपूरहून आलेली माझी लेक वर्गात तोंडच उघडत नव्हती आणि मी बेसमेंटमध्ये गुपचूप रडत होते. शाळेच्या नाटकात टीचरनी तिला परदेशी राजाशी लग्न होऊन आलेली जुन्या काळातली राजकन्या केलं. म्हणाल्या, "तू तुझ्याच भाषेत बोल." स्टेजवर सोनेरी रंगाने रंगवलेला पुठ्ठ्याचा मुकुट घातलेल्या राजाने विचारलं, "विल यू बी हॅपी हिअर?" तिने गर्दीत मला शोधलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, तू रडू नकोस. मला इथे आवडेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण कळलं ते फक्त मला. आता ती मला इंग्रजीतच उत्तरं देते. आवडलंय तिला इथे, आणि मलाही.