बिनतारींची वही

आमच्या गल्लीत त्यांना सगळे बिनतारी म्हणत. सत्तावीस वर्षं फौजेत बिनतारी यंत्रावर काढलेला माणूस, बोलणंही तसंच आखूड. सकाळी माझ्या घड्याळांच्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसले की मी विचारायचो, "काय, कसं काय?"

ते म्हणायचे, "नेबों."

नेबों म्हणजे नेहमीचीच बोंब. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इतका हसलो की डोळ्यावरचं भिंग निसटून चहात पडलं. मग त्यांनी मूळ सांगितलं. डोंगरावरच्या चौकीत थंडीनं बॅटरी भराभर उतरायची आणि नवी यायला आठवडा. म्हणून निरोप जेवढा आखूड तेवढा बरा. वरून ठरवून दिलेली अक्षरं होती, पण ती सगळी साहेबांच्या कामाची. पोटाची, पायाच्या फोडांची, रडण्याची अक्षरं जवानांनी आपली आपण काढली.

'पयाबरा' हा त्यांचा फार लाडका. पळत या, बसून राहा. तो काढला तुकडीच्या आचाऱ्यानं. ताबडतोब निघायचा हुकूम आला, त्या बिचाऱ्यानं शिजत आलेलं जेवण ओतून दिलं, गरम भांडी ट्रकात चढवली, आणि ट्रक जागच्या जागी तीन दिवस उभा.

"त्याच वर्षी गेला तो," बिनतारी म्हणाले. "घरी पेटी पाठवली आम्ही. दोन सदरे, एक वस्तरा. एवढा हसवणारा माणूस, त्याचं उरलं काय? हा एक शब्द. आणि तो ठाऊक असलेला मी एकटा उरलोय, घड्याळजी."

असे एकशे चाळीस शब्द, आणि एकेकामागे एकेक माणूस.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. डॉक्टरांनी बजावलं, दुसरा आला तर वाचा जाईल, कदाचित आठवणही. त्याच आठवड्यात त्यांनी दोनशे पानी वही आणली. चार महिने खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लिहीत होते. मी डोकावलो की वहीवर हात ठेवायचे.

"पुरी होऊ द्या. सगळ्यांची कहाणी आहे यात. अर्धवट कुणाचीच दाखवायची नाही."

वहिनी आतून म्हणायच्या, "तेवढ्या वेळात गोळ्यांची नावं पाठ केली असती तर बरं झालं असतं."

वही पुरी झाली आणि नवव्या दिवशी दुसरा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. वहिनींनी वही माझ्या हातात दिली. "भाऊजी, तुम्हीच वाचा. माझा धीर होत नाही."

अक्षर मोत्यासारखं. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, कुणी काढला, पुढे त्याचं काय झालं. आणि उजवीकडे लिहिलेलं असं: 'आ. नि. ट्र. ती. दि. उ.' हे मला लागलं, कारण पयाबराची गोष्ट मी ऐकली होती. पुढचं पान तसंच. त्याच्या पुढचंही. शेवटच्या पानापर्यंत माणूस अक्षरं वाचवत गेला होता. हाताला दुसरी सवयच नव्हती.

"वाण्याची यादीही अशीच लिहायचे," वहिनी म्हणाल्या. "सा. चा. का. पण घरात लागतं ते मला माहीत होतं, भाऊजी. ही माणसं मी कधी पाहिली?"

आम्ही दोघांनी डोकं लावलं. एकशे चाळिसांतले अकरा लागले. तुकडीतल्या एकाचा पत्ता सापडला म्हणून पत्र टाकलं, ते 'पत्तेदार हयात नाही' असा शेरा घेऊन परत आलं.

मग मी रोज दुपारी त्यांच्या खाटेशी बसून एकेक पान मोठ्यानं वाचू लागलो. एकोणिसाव्या पानावर मी 'हगापु' म्हणालो आणि त्यांचा चेहरा उजळला. अर्ध्या तोंडानं हसले, खांदा हलेपर्यंत हसले. मला काही कळलं नव्हतं, तरी मीही हसलो. वहिनीसुद्धा हसल्या.

"कोण होता हो हा?" वहिनींनी त्यांना विचारलं.

बिनतारींचे ओठ हलले. घशातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तेच पान काढलं. हगापु म्हणालो, दोनदा म्हणालो. ते माझ्याकडे पाहत राहिले, ज्याची ओळख लागत नाही अशा माणसाकडे सभ्यपणानं पाहावं तसे.

"राहू द्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी वही मिटली.