गाडीवरची भेट

गेल्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी, दुपारी बारा पंचावन्न ते बारा सत्तावन्न या वेळेत, दक्षिण जर्मनीतल्या एका रेल्वे स्टेशनवर माझी आई आणि माझी धाकटी बहीण सहा वर्षांनी एकमेकींना दिसल्या. आई गाडीत होती, बहीण फलाटावर. मध्ये खिडकीची काच होती.

आम्ही यवतमाळचे. मी इथल्या एका दैनिकात डेस्कवर काम करतो. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे लोहाऱ्याच्या बाजूला राहत होती. बाभुळगावजवळची शेती तिने बटईने दिली होती, पण पेरणीच्या वेळी बांधावर स्वतः उभी राहायची. परदेशाची सहल ठरली तेव्हाही तिची पहिली अट हीच होती की पेरणीच्या आत परत यायचे. दुसरी अट, बसमध्ये बसणार नाही. तिला बस लागते. यवतमाळहून आर्णीला जायचे तरी ती लिंबू हुंगत जात असे. त्यामुळे सहल कंपनीबरोबर जाण्याचा प्रश्न मिटला. मी स्वित्झर्लंडमधला आठ दिवसांचा रेल्वेचा पास काढला आणि परतीचे विमान फ्रँकफर्टहून घेतले. आर्णीचा माझा चुलतभाऊ तिला म्हणाला होता, "काकू, येवढ्या लांब जाऊन रेल्वेतच बसतं काय? मंग धामणगाववरून बसली असती अन् नागपूरले उतरली असती."

"तुले कोनं बोलावलं?" आई म्हणाली. "तू बस धामणगाववरून."

फ्रँकफर्टच का, हे तिने विचारले नाही. स्वित्झर्लंडहून फ्रँकफर्टला जाणारी गाडी बहिणीच्या शहरावरून जाते, हे मी तिला जेवताना सांगितले. तिने ताटातला भात संपवला. मग म्हणाली, "तिच्या घरी मी पाय नाही ठेवत. गाडीवर आली तं पाहीन."

वडील गेले तेव्हा बहीण जर्मनीत शिकत होती. तिची राहण्याची परवानगी संपली होती, नवी हातात आली नव्हती. देश सोडला असता तर परत शिरता आले नसते. ती आली नाही. तेराव्याला फोनवर आई तिला म्हणाली, "कागदासाठी बाप सोडला तुनं." बहिणीने फोन ठेवला. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. बहिणीने तिथेच लग्न केले, तिला मुलगी झाली. मुलगी आता तीन वर्षांची होती. तिचे फोटो माझ्या फोनवर यायचे. आई चष्मा लावून ते पाहायची आणि फोन परत द्यायची.

गाडीवर भेटणे हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. यवतमाळला मोठी गाडी येत नाही. नातेवाईक मुंबईहून नागपूरला किंवा नागपूरहून पुण्याला निघाले की कळवतात, आणि आपण धामणगावच्या स्टेशनवर शिदोरी घेऊन उभे राहायचे. इंजिनापासून कितवा डबा, एवढे ठाऊक असले की पुरते. गाडी दोन मिनिटे थांबते. तेवढ्यात शिदोरी खिडकीतून आत जाते, लहान मूल खिडकीपर्यंत उचलून दाखवले जाते, लग्नाचे, आजाराचे विचारून होते. गाडी सुटली तरी ती आधी हळू चालते. माणूस गजांना धरून चार पावले बरोबर चालतो आणि राहिलेले बोलतो. भांडण असलेल्या घरांमध्ये हा रिवाज विशेष सोयीचा असतो. कोणी कोणाच्या दारात गेले, असे होत नाही.

मी बहिणीला कळवले. तिने लगेच उत्तर दिले, "येते. पिल्लूला पण आणते. कोणता डबा?"

आईने शिदोरी केली. तुपाचे काही नेता येणार नाही, असे मी सांगितल्यामुळे दराब्याचे लाडू राहिले. जवसाची चटणी, मुगाच्या वड्या आणि सरगुंडे घेतले. सरगुंडे म्हणजे काडीवर वळून वाळवलेल्या गव्हाच्या शेवया. हाताळले की मोडतात. ते तिने कापडी पिशवीत, साडीच्या घडीत ठेवले. आठ दिवस ती पिशवी तिने माझ्या हातात दिली नाही. डोंगरावर जाणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीतही ती पिशवी तिच्या मांडीवर होती. बाहेर बर्फ होता. मी तिला बघ म्हटले की ती बघायची. एकदा म्हणाली, "इथून किती लांब हाये थे गाव?"

परतीच्या दिवशी आम्ही स्वित्झर्लंडच्या राजधानीत गाडीत बसलो. बारा डबे होते. आमचा डबा समोरून दुसरा. तिकिटावर डब्याचा क्रमांक होता, पण तो तेवीस होता आणि गाडीला डबे बारा, त्यामुळे मला तो निरुपयोगी वाटला. मी बहिणीला लिहिले, "समोरून दुसरा." तिने अंगठा पाठवला. आठ वर्षे तिथे राहूनही तिने क्रमांक विचारला नाही. धामणगावला विचारत नाहीत.

गाडी बाझेलला थांबली. माणसे उतरली, चढली. सुटली तेव्हा आई म्हणाली, "अरे, हे तं मांगं जाऊन राह्यली."

मी पाहिले. खरोखर गाडी आली तिकडेच निघाली होती. मी तिला समजावले की तिथे गाडीची दिशा बदलते, पुढचे टोक मागे होते, पुढे रूळ वळतात, आपण बरोबर चाललो आहोत. मला हे समजले होते. एका बातमीतला एक तपशील बदलला की तो जिथे जिथे छापला गेला आहे तिथे तिथे बदलावा लागतो; हे काम मी एकोणीस वर्षे रोज करतो. बहिणीला पाठवलेला निरोप मी बदलला नाही. त्यासाठी माझ्याजवळ पाऊण तास होता. त्या पाऊण तासात मी खिडकीतून द्राक्षांचे मळे पाहिले आणि दोन फोटो काढले.

आईने साडी झटकली, केस नीट केले. मग विचारले, "काय म्हनते थे पोरगी? मराठी समजते काय तिले?"

"थोडी समजते."

"आजी हाये म्हनून सांगितलं असंन का तिले?"

सांगितले असेल, असे मी म्हणालो. ती स्टेशन यायच्या दहा मिनिटे आधीच उठली आणि पिशवी घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली. माझ्याजवळ दोन बॅगा होत्या. त्या सोडून जायची भीती वाटल्याने मी त्या ओढत तिच्यामागे गेलो. दाराच्या बोळात एक बाई सायकल घेऊन उभी होती. आम्ही तिच्यामागे होतो. गाडी थांबली, दार उघडले. सायकल उतरली, तिच्यामागे चार माणसे उतरली, मग चढणारी चढू लागली. आई दारात पोहोचली तेव्हा फलाटावर बहीण नव्हती. तिथल्या खांबावर 'जी' हे इंग्रजी अक्षर लिहिले होते. फोन वाजला.

"दादा, मी समोर आहे! कुठं आहेस तू?"

"आम्ही मागे आहोत. एकदम मागे."

"मागे? तू समोर म्हणाला होतास!"

"ये इकडे. पळ."

मी फलाटावर उतरायला हवे होते, आईला उतरवायला हवे होते, की दार धरायला हवे होते, याचा मी नंतर विचार केला. तेव्हा आईने एक पाय खाली टाकला आणि मी तिला दंड धरून मागे ओढले, कारण शिट्टी झाली होती आणि दारावरचा दिवा लाल झाला होता. दार बंद झाले. गाडी अजून हलली नव्हती. मग आई जवळच्या खिडकीपाशी गेली. तिथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने पाय बाजूला घेतले.

बहीण बाबागाडी ढकलत पळत येत होती. गाडीच्या लांबीचा विचार करता तिला अडीचशे मीटर अंतर होते. ती खिडकीपाशी आली. तिचे केस आखूड होते, हे फोटोत लक्षात आले नव्हते. बाबागाडीत मुलगी झोपलेली होती. बहिणीने तिला उचलले आणि काचेसमोर धरले. मुलगी जागी झाली नाही. आईने काचेवर हात फिरवला, कडी शोधली. खिडकी उघडत नाही, तिला कडीच नसते. "उघड नं हे," ती म्हणाली. मला, की त्या म्हाताऱ्याला, हे सांगता येत नाही. बहीण काहीतरी बोलत होती. ऐकू आले नाही. गाडी निघाली. तिथली गाडी हळू निघत नाही.

धामणगावलाही दोनच मिनिटे असतात. फरक दाराचा आणि खिडकीचा होता.

फोन सुरूच होता. मी स्पीकर लावून आईच्या हातात दिला. ती सायकलच्या जागेजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसली होती.

"आई," बहीण म्हणाली. तिला धाप लागली होती.

"हं."

"आई, पुढची गाडी तासाभरात आहे. मी फ्रँकफर्टला येते. विमानाला वेळ आहे तुमच्या. येते मी."

"लेकरू जेवलं काय?"

"नाही, झोपली ती. जेवेल गाडीत. येऊ का?"

"राहू दे," आई म्हणाली. "लेकराले उपाशी घेऊन कायले पयतं? पाह्यलं मी तुले. झालं."

"आई, मी खरंच येऊ शकते."

"झालं ना मंग. घरी जाय. जेवाले दे तिले."

बहीण म्हणाली, "बरं." फोन बंद झाला.

आईचे शब्द मी जसेच्या तसे दिले आहेत. तिला त्यातून काय म्हणायचे होते, हे मी विचारले नाही. बहिणीने नंतर मला लिहिले, "तिला नकोच होतं." मी उत्तर दिले की तसे नसावे. त्या 'नसावे'ला माझ्याकडे आधार नव्हता.

विमानतळावर आमच्याजवळ साडेपाच तास होते. तेवढ्यात बहिणीच्या शहराहून दोन गाड्या येऊन गेल्या असत्या. मी फलक पाहत होतो. आई बाकावर बसून होती, एकदा तिने विचारले, "इथं उतरते काय समदे?" मी हो म्हणालो.

सरगुंडे मोडून परत आले. चटणी तिने शेजारच्या दोन घरी वाटली आणि ती तिकडून आणली आहे असे सांगितले. शेजारणी हसल्या. "विदेशात जवस पेरतात काय हो आजी?" एकीने विचारले.

"पेरतात तं," आई म्हणाली. "तुह्यापेक्षा बरा पेरतात."

जूनमध्ये पुरवणीच्या संपादकाने मला रेल्वेने परदेश प्रवासाचे अनुभव लिहायला सांगितले. वाचकांना उपयोगी पडतील असे मुद्दे हवे होते. मी लिहिले: हमाल नसतो, उचलता येईल तेवढेच सामान घ्या. पाण्यासाठी स्टेशनवर उतरू नका, गाडी वाट पाहत नाही. तिकीट आणि पासपोर्ट प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावा. डब्याचा क्रमांक डब्यावर लिहिलेला असतो. समोरून कितवा हे मोजू नका, कारण वाटेत गाडीची दिशा बदलू शकते. फलाटावर अक्षरे असतात, कोणता डबा कोणत्या अक्षरापाशी थांबेल हे आधी पाहून घ्या. गाडी सुटण्याच्या वेळेआधीच दार बंद होते. खिडक्या उघडत नाहीत. लेखाला चांगला प्रतिसाद आला. बाभुळगावच्या एका शिक्षकांनी फोन करून अक्षरांबद्दल पुन्हा विचारले; ते मुलाकडे चालले होते. मी त्यांना सगळे समजावून सांगितले आणि मुलाला गाडीवर बोलावू नका, उतरून भेटा, असेही सांगितले. ते म्हणाले, "उतरनारच आहो आम्ही. त्याच्याच घरी तं जाऊन राह्यलो."

ऑक्टोबरमध्ये बहिणीने मला कळवले की ती डिसेंबरात मुलीला घेऊन येते आहे, तिकिटे काढली आहेत. मी आईला सांगितले. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. "येऊ दे," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने मला विचारले की मुलीला तिखट चालते का. मी बहिणीला विचारून सांगतो म्हणालो. ते विचारायचे राहिले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या छातीत दुखू लागले. तिला यवतमाळच्या दवाखान्यात दाखल केले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मी बहिणीला फोन केला. तिला लवकरात लवकरचे विमान मिळाले ते नागपूरला दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचणारे होते. मामा म्हणाले, बर्फाची पेटी मिळते, एक रात्र ठेवता येईल, थांबू. मी बहिणीला विचारले.

"माझ्यासाठी थांबू नका," ती म्हणाली.

मी पुन्हा विचारले नाही. संध्याकाळी साडेपाचला आईला अग्नी दिला. बहिणीचे विमान दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वीसला नागपूरला उतरले.